सरकीवरून उतरलेला कागद : हानेम्यूले फोटो रॅग ३०८

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षांपासून माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्ने, बारशी, शाळांची ओळखपत्रे, कृषी केंद्रांचे फ्लेक्स आणि खरिपात बियाणे कंपन्यांच्या प्रात्यक्षिक प्लॉटचे फोटो असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. त्यावर घर चालले, दुकानाचे कर्ज फिटले, म्हणून या कामाला कमी लेखण्याचे मला काही कारण नाही. मात्र याच वर्षांत कोणी न सांगता, कोणाकडून पैसे न घेता काढलेले फोटोही हार्ड डिस्कमध्ये साठत गेले. वेचणीच्या बाया, जिनिंगमध्ये रुईच्या ढिगावर उभे असलेले हमाल, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीसाठी मान खाली घालून उभा राहिलेला बैल असे ते फोटो आहेत. गेल्या वर्षी त्यांतले बारा निवडून नीट कागदावर उतरवायचे ठरवले आणि त्यासाठी हानेम्यूले या जर्मन गिरणीचा ‘फोटो रॅग ३०८’ हा कागद ए३+ आकारात, म्हणजे ए३ पेक्षा थोडा मोठा, मागवला. पंचवीस कागदांचे ते पाकीट आता संपत आले आहे, त्यामुळे त्याविषयी लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे.

ही गिरणी १५८४ सालापासून कागद करते. नावातला ३०८ हा आकडा वजनाचा आहे, म्हणजे एक चौरस मीटर कागद ३०८ ग्रॅम भरतो. झेरॉक्सचा साधा कागद सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमचा असतो, त्याच्या चौपट हे वजन झाले. जाडी जवळपास अर्धा मिलिमीटर आहे. याच कागदाचे १८८ आणि ५०० ग्रॅमचे प्रकारही मिळतात, पण माझ्या प्रिंटरला आणि माझ्या खिशाला ३०८ झेपला. पृष्ठभाग चकाकी नसलेला, पांढरा, आणि बोट फिरवले तर धुतलेल्या मांजरपाटासारखा लागणारा आहे. या कागदात लाकडाचा लगदा नाही. तो संपूर्ण कापसाचा आहे, आणि आमच्या भागातल्या माणसाचे कान टवकारावेत अशी गोष्ट तीच आहे.

कापसाचा कागद म्हटल्यावर कोणालाही वाटते की चांगला लांब धाग्याचा कापूसच कुटून कागद करत असतील, पण तसे कोणी करत नाही. जिनिंगमध्ये रेच्यातून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रातून, रुई निघते, तिच्या १७० किलोच्या गठाणी बांधल्या जातात आणि त्या सूतगिरणीकडे जातात. मागे राहते ती सरकी, आणि तिच्या अंगाला चिकटून राहते आखूड, पांढरी लव. ही लव सूत कातण्याच्या उपयोगाची नसते. सरकी तेलघाण्याला जाण्याआधी ती वेगळी काढली तर तिला लिंटर म्हणतात. कापसाचे उत्तम कागद बहुधा या लिंटरपासून किंवा कापडगिरण्यांच्या चिंध्यांपासून तयार होतात. ‘रॅग’ हा शब्द चिंध्यांवरूनच आला आहे. लाकडात लिग्निन असते, त्यामुळे उन्हात पडलेले वर्तमानपत्र आठ दिवसांत पिवळे पडते. कापूस हा जवळपास निव्वळ सेल्युलोज, त्यात लिग्निन नसते, आणि या कागदात आम्लही नाही. कागद टिकण्याचे कारण इतके साधे आहे.

एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. त्या मुलखातल्या फोटोग्राफरने कापसाचा कागद परदेशातून मागवावा, हे मला आधी पटेना. म्हणून पाकीट मागवण्यापूर्वी मी हातकागद वापरून पाहिला. वर्ध्याला गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या काळापासून, म्हणजे १९३४ नंतर, हातकागदाची परंपरा आहे, आणि तिथल्या मगन संग्रहालयात गेलेल्या कोणालाही तिचा परिचय असतो. चिंध्यांपासून केलेला तसा जाड हातकागद मी प्रिंटरमध्ये घातला. कागद देखणा होता, पण शाई टीपकागदावर पसरावी तशी तंतूंमध्ये शिरली, चेहऱ्याच्या कडा फुटल्या आणि काळा रंग राखेसारखा उमटला. तो दोष कागदाचा नव्हता, कारण तो लिहिण्यासाठी आणि पत्रिकांसाठी केलेला होता. फोटोच्या कागदावर शाई अडवून धरणारा एक अतिशय पातळ लेप असावा लागतो. शाईतले रंगकण त्या लेपात वरच्या वर अडकतात आणि पाणी खाली झिरपते. फोटो रॅगसाठी आपण पैसे मोजतो ते निम्मे कापसाचे आणि निम्मे या लेपाचे, हे तेव्हा समजले.

आता प्रत्यक्ष प्रिंटविषयी. पहिला फोटो निवडला तो आमच्या गावाजवळच्या एका वेचणाऱ्या मावशींचा. वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादहीची पूजा झाल्यावर, नोव्हेंबरातल्या सकाळी साडेसात वाजता, स्टुडिओतला जुना करडा पडदा शेताच्या धुऱ्यावरच्या दोन बाभळींना बांधून तो काढला होता. मावशी सरळ उभ्या आहेत, कमरेच्या ओटीत कापूस भरलेला आहे आणि दोन्ही हात त्या कापसावर आहेत. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी लागतात, त्यामुळे वेचणाऱ्यांच्या नखांच्या मुळाशी बारीक चिरा असतात. या फोटोची परीक्षा त्या हातांत आणि त्या कापसात होती, कारण पांढऱ्यावर पांढरे उमटवणे हे छपाईतले अवघड काम आहे. हाच फोटो मी पूर्वी लॅबकडून नेहमीच्या चकचकीत कागदावर करून आणला होता. त्यात ओटीतला कापूस म्हणजे एक कोरा पांढरा डाग झाला होता, आणि वर ट्यूबलाइटची रेघ चमकत होती. फोटो रॅगवर कापसाचा प्रत्येक पुंजका वेगळा दिसतो, त्यात अडकलेला पाचोळ्याचा कण दिसतो, आणि पुंजक्यांमधल्या सावल्या निळ्या-करड्या होत जाऊन मावशींच्या बोटांपाशी थांबतात. जिथे शाई अजिबात पडलेली नाही तिथे कागदाचाच पांढरा रंग आहे, म्हणजे कापसाच्या जागी कापूसच दिसतो आहे. हे मला प्रिंट वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, दारातल्या उजेडात लक्षात आले आणि त्या सकाळी मी दुकान उशिरा उघडले.

काळ्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. चकाकी नसलेल्या कोणत्याही कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल जात नाही, कारण खडबडीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे थोडाथोडा परत फेकतो. रात्रीची वरात, काळ्या शालूवरची जर किंवा अंधारातले दिवे असे विषय या कागदावर मला फिके वाटले. बैलाच्या फोटोत मानेखालची सावली पहिल्या प्रिंटमध्ये गढूळ आली, ती मात्र माझ्या घाईमुळे. कंपनी बहुतेक फोटो प्रिंटरसाठी रंगाची प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतील हे संगणकाला सांगणारी फाइल, विनामूल्य देते. ती बसवून, संगणकाच्या पडद्यावर कागदाचा नमुना आधी पाहून, सावल्या थोड्या उचलल्यावर बैलाच्या मानेचे केस परत आले. जो फोटोग्राफर ही पायरी गाळेल त्याला हा कागद महाग पडेल. प्रिंटरही पिगमेंट शाईचा, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा, आणि मॅट काळ्या शाईची वेगळी टाकी असलेला हवा. स्टुडिओत पासपोर्टसाठी वापरतात त्या डाय म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईच्या प्रिंटरवर फोटो उमटेल, पण मग कापसाच्या दीर्घायुष्याला अर्थ राहणार नाही.

कापसाच्या सर्वच कागदांना एक खोड असते. पृष्ठभागावर सुटी लव असते. छापताना ती शाई अंगावर घेते आणि नंतर गळून पडते, मग गडद भागात मोहरीएवढा पांढरा ठिपका उरतो. माझ्या स्टुडिओपासून दोन जिनिंग हाकेच्या अंतरावर आहेत, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्या हवेतच कापूस असतो. काउंटर पुसला तरी तासाभरात त्यावर पांढरी साय धरते. कागदाची लव कोणती आणि गावची कोणती हे ओळखणे कठीणच. त्यावर मी असा बंदोबस्त केला आहे की कागद पाकिटातून काढला की उभा धरून मऊ, रुंद ब्रशने वरून खाली दोनदा झाडायचा, ब्लोअरने फुंकायचा आणि लगेच प्रिंटरमध्ये घालायचा. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचा एक कणही लेपावर कायमचा दिसतो.

उन्हाळ्यातली चूक सांगण्यासारखी आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीला कूलर लागतो. माझ्याही लागला होता. कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा आत फेकतो, ती हवा कापसाला फार आवडते, आणि अर्ध्या तासात कागदाच्या कडा पापडासारख्या उचलल्या गेल्या. प्रिंटरचे हेड कडेला घासले आणि हमालांच्या फोटोवर काळा ओरखडा उमटला. दोन कागद असे गेल्यावर मी पहाटे, कूलर बंद असताना छापू लागलो. पावसाळ्यात तर पाकीट उघडतच नाही. ते मूळ प्लास्टिकसह, दोन प्लायवुडच्या तुकड्यांत दाबून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवे ठेवतो. यात कागदाचा काही दोष नाही. पण जर्मनीच्या थंडीतला सल्ला वाचून विदर्भात काम करणाऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही. पार्सलविषयीही एक सूचना करतो. माझे पाकीट ज्या कुरिअरने आले त्याने ते उभे फेकले असावे, कारण एक कोपरा चेपला होता आणि तीन कागद तेवढ्यापुरते वाया गेले. ते मी कापून लहान आकारात वापरले. विकणाऱ्याला आडवे, लाकडी पट्टीसह बांधून पाठवण्यास सांगावे, आणि पाकीट उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे.

खर्चाचा हिशोब तुलनेने सांगतो. एका कोऱ्या कागदाला जे पैसे पडले तेवढ्यात मी पासपोर्टच्या फोटोंचे कित्येक संच छापून देतो. त्यावर शाईचा, वाया गेलेल्या कागदांचा आणि मधूनमधून प्रिंटर स्वतःला साफ करताना पिऊन टाकतो त्या शाईचा खर्च आहे. गिऱ्हाईक हे देणार का? लग्नाचे गिऱ्हाईक देणार नाही, आणि त्याने देऊ नये असेच माझे मत आहे. एका नवरदेवाच्या वडिलांना मी हौसेने जोडप्याचा एक फोटो या कागदावर करून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “भाऊ, बाकी सगळं ठीक हाय, पण याची चकाकी कुठी गेली?” त्यांचे चूक नव्हते. लग्नाच्या अल्बमला वीस हात लागतात, मुले त्यावर चिवड्याची बोटे फिरवतात, आणि चकचकीत, प्लास्टिकचा थर असलेला कागद ते सगळे सहन करतो. फोटो रॅगवर नखाचा ओरखडासुद्धा राहतो. त्याची जागा काचेआडच्या चौकटीत आहे, आणि चौकटीत काच व प्रिंट यांच्यामध्ये माउंटचे अंतर हवेच.

धंद्याचा फोटोग्राफर आणि कलेचा फोटोग्राफर असे दोन वेगळे प्राणी असतात, असा समज आमच्या व्यवसायात पक्का आहे. आयर्विंग पेन या अमेरिकी छायाचित्रकाराचे उदाहरण मला या कागदामुळे पुन्हा आठवले. तो १९१७ ते २००९ या काळात होऊन गेला. ‘व्होग’ मासिकासाठी फॅशनचे आणि प्रसाधनांच्या जाहिरातींचे काम त्याने आयुष्यभर केले. १९५०-५१ मध्ये त्याने पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या साध्या कामकऱ्यांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हातात अवजारे घेऊन, साध्या पडद्यापुढे उभे केले, आणि तेही मासिकाच्या पैशांनी. पुढे १९६०च्या दशकात मासिकातल्या छपाईवर त्याचे समाधान होईना, तेव्हा तो स्वतः कापसाच्या कागदावर हाताने प्लॅटिनमचे द्रावण लावून प्रिंट करू लागला. एकावर एक थर तंतोतंत बसावेत म्हणून तो कागद आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवत असे. रस्त्यावर उचललेल्या सिगारेटच्या थोटकांचे त्याचे असे प्रिंट १९७५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागले. धुऱ्यावर पडदा बांधण्याचे धाडस मला त्याच्याकडूनच मिळाले, हे कबूल करतो. पण तो पडदा कसा ताणायचा, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, अनोळखी माणसाला पाच मिनिटांत मोकळे कसे करायचे, हे मला पासपोर्टच्या स्टुलानेच शिकवले आहे.

फरक आहे तो मालकीचा, आणि तो कायद्यातही आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे मी काढलेल्या शेकडो लग्नांचे फोटो माझे नाहीत. मावशींचा फोटो माझा आहे, आणि माझ्या हयातीत आणि माझ्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याचा हक्क चालतो. म्हणून या बारा प्रिंटच्या खालच्या समासात मी पेन्सिलने क्रमांक घालून सही केली. कागद पेन्सिल छान धरतो. संख्या ठरवून काढलेल्या प्रिंटसाठी कंपनी क्रमांकित होलोग्रामची प्रमाणपत्रेही विकते. माझ्यासारख्याला पेन्सिल पुरते. चांगल्या पिगमेंट शाईसह हा कागद शंभर वर्षांहून अधिक टिकतो असा कंपनीचा दावा आहे. मी सव्वीस वर्षांचाच साक्षीदार आहे, पण गावातल्या घरांत १९८०च्या सुमाराचे रंगीत फोटो तांबूस झालेले रोज पाहतो, कारण त्या कागदांतला निळा रंग आधी उडाला. त्यामुळे शंभर वर्षे राहू द्या, चाळीस वर्षे रंग जागचा हलला नाही तरी माझे समाधान आहे.

बाजाराविषयी थोडक्यात सांगतो. बारापैकी चार प्रिंट विकले गेले. त्यांतले दोन टिपेश्वर अभयारण्याच्या वाटेवरच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी लागले आहेत. तिथल्या व्यवस्थापकांनी हमाल आणि बैल घेतले, पण आधी तासभर वाघ मागत होते. एक प्रिंट नागपूरला गेला आणि एक इथल्याच एका डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात आहे. प्रवास आणि वेळ सोडला तर कागदाचा खर्च निघाला. या कागदाच्या जोरावर कोणी स्टुडिओ बंद करून कलावंत होण्याचे ठरवत असेल, तर त्याने आधी दोन लग्नसराया पार पाडाव्यात.

ज्याच्याकडे पिगमेंट प्रिंटर आहे आणि कोणी न मागितलेले दहा-बारा चांगले फोटो आहेत, त्याने ए४ चे लहान पाकीट घेऊन सुरुवात करावी. उन्हातले, धुक्यातले, मातीचे, त्वचेचे आणि कापडाचे फोटो यावर उत्तम येतात. रात्रीचे आणि भडक रंगांचे फोटो चकाकीच्या किंवा बरायटा, म्हणजे बेरियमचा लेप असलेल्या, कागदावर करावेत. ज्याच्याकडे फक्त लॅबचे काम आहे त्याने हा कागद मागवू नये, एक-दोन प्रिंट पिगमेंटवर काम करणाऱ्याकडून करून घ्यावेत.

मावशींना त्यांचा प्रिंट मी चौकटीशिवाय नेऊन दिला, कारण त्यांना तो आधी हातात घ्यायचा होता. त्यांनी हात पदराला पुसले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “हे त लुगड्यावानी लागते, भाऊ.” हा कागद कापसाचाच आहे, असे मी सांगितले. त्या थोडा वेळ फोटोतल्या ओटीकडे पाहत राहिल्या आणि मग विचारले, “मंग आपलाच कापूस घ्यून आपल्यालेच इकला का त्याइनं?” याला उत्तर मला सुचले नाही. चौकट करून आणतो म्हणालो, तर त्यांनी तो प्रिंट तसाच, पेटीत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिला. ओल नाही, ऊन नाही, वर सुती कापड. माझ्या कपाटापेक्षा ती जागा बरी आहे. पाकिटात आता चार कागद शिल्लक आहेत आणि कपाशीच्या पऱ्हाटीला यंदा पाते चांगले धरले आहे.